एका रकान्यातले दोन पत्रे

जनगणनेच्या घरयादीत छपराविषयी एक प्रश्न असतो. गवत, कौले, दगड, काँक्रीट यांना वेगवेगळे रकाने; मात्र जस्ती पत्रा, अन्य धातूचा पत्रा आणि ॲसबेस्टॉसचा पत्रा या तिघांना मिळून एकच. २००१च्या जनगणनेची घरयादी झाली तेव्हा मी बिहारमधील एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी होतो, म्हणून प्रमुख जनगणना अधिकारीही. प्रशिक्षणवर्गात एका प्राथमिक शिक्षकाने विचारले, ‘सर, टिनाचे छप्पर आणि सिमेंटच्या पत्र्याचे छप्पर एकच कसे?’ मी नियमपुस्तिकेवर बोट ठेवले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. त्या शिक्षकाने किती नेमके विचारले होते, हे कळायला मला वीस वर्षे लागली.

२०११च्या जनगणनेत देशातील सुमारे १६ टक्के, म्हणजे जवळजवळ ४ कोटी कुटुंबे या संयुक्त रकान्यात मोडत होती. त्यांतील किती ॲसबेस्टॉसखाली राहतात, हे त्या आकड्यांतून काढता येत नाही. जिथे मोजणीच नाही, तिथे जोखमीचे मूल्यमापन कशाचे करणार?

या पत्र्याचा इतिहास मात्र खलनायकाचा नाही. तेव्हाच्या मध्य प्रांतातील कैमोर येथे १९३४मध्ये त्याचा कारखाना उभा राहिला आणि पुढे गोदामे, शाळा, सरकारी वसाहती त्याने झाकल्या गेल्या. माझ्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पश्चिमेचा कोरडा वारा सुटला की गवती छपरांचे टोलेच्या टोले जळत. मदतवाटपाच्या नोंदवह्या घेऊन मी त्या राखेत उभा राहिलो आहे. न जळणारा, न गंजणारा, परवडणारा पत्रा मिळाल्यावर ज्यांना उन्हाळ्यात रात्री झोप लागली, त्यांना शहाणपण शिकविण्याचा अधिकार मला नाही.

या पत्र्यात ढोबळमानाने दहावा हिस्सा ॲसबेस्टॉसचे तंतू असतात. उरलेले सिमेंट त्यांना धरून ठेवते. सिमेंट शाबूत आहे तोवर छपराखाली राहणाऱ्याला धोका अल्प असतो, हे भीती पसरविणाऱ्यांनीही मान्य करावे. पण ऊन, पाऊस आणि शेवाळ सिमेंट झिजवत जातात. काही दशकांनी पृष्ठभाग खरखरीत होतो, कडा भुसभुशीत होतात आणि तंतू सुटू लागतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेले सहजासहजी बाहेरही पडत नाहीत. ॲसबेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे त्यांचे ज्ञात परिणाम. मेसोथेलिओमा उघड व्हायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात. आपल्याकडे वापरला जाणारा पांढरा ॲसबेस्टॉस निरुपद्रवी असल्याचा दावा उद्योगजगत करीत आले आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र ॲसबेस्टॉसचे सर्वच प्रकार कर्करोगकारक मानते.

म्हणून एकाच छपराखाली सर्वांची जोखीम सारखी नसते. करवतीने पत्रा कापणारा कारागीर, पावसाळ्यापूर्वी शेवाळ कोरडेच खरवडणारा घरधनी, फुटक्या तुकड्यांत खेळणारे मूल यांची जोखीम अधिक. सर्वांत घातक दिवस बहुधा पत्रा उतरविण्याचा. हातोड्याने तो फोडला जातो, धड राहिलेला गोठ्यावर चढतो आणि तुकडे गल्लीतल्या खड्ड्यांत भरले जातात. पुढे वाहनांची चाके ते दळत राहतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’च्या याचिकेवर निकाल देताना कामगाराच्या आरोग्याला अनुच्छेद २१चे संरक्षण दिले आणि ॲसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी दीर्घकाळ जतन करण्याचे बंधन उद्योगांवर घातले. निकाल मोठा होता. तो कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचला. फाटकाबाहेर पडलेला पत्रा ज्यांच्या डोक्यावर गेला, त्यांची नोंद ठेवणारी वही कोणती? उलट, जनगणनेच्या व्याख्येत ॲसबेस्टॉसचे छप्पर ‘पक्के’ ठरते. ग्रामीण घरकुलांच्या पात्र याद्या २०११च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातील कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर पाहून निघाल्या. झिजलेल्या पत्र्याखालचे गरीब कुटुंब त्यात बसणे कठीणच होते.

पहिले काम रकाना फोडण्याचे आहे; त्याला छपाईपलीकडे खर्च नाही. त्यानंतर कनिष्ठ अभियंत्याने डोळ्यांनी पाहूनही बरेच ठरविता येईल. पत्रा जुना असेल तर ॲसबेस्टॉसचाच समजावा. तो धड असेल तर राहू द्यावा, त्याला भोके पाडू नयेत. कडा झडत असतील तर पाण्याने भिजवून, हुक सोडवून, अखंड उतरवावा आणि जाड प्लास्टिकमध्ये बांधावा. पण हे गाठोडे न्यायचे कुठे? जिल्ह्यात त्यासाठी राखीव, अस्तर घातलेला खड्डा नसेल, तर ते पुन्हा त्याच गल्लीत येईल. माझ्या सेवाकाळात अशा खड्ड्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर कधी आला नाही आणि मीही कधी मागविला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या जिल्ह्यात गेलो होतो. प्रखंड कार्यालयामागची जुनी कर्मचारी-निवासे अजून उभी आहेत. एका घरात छताखाली निळी ताडपत्री बांधलेली दिसली. पाऊस गळतो का, असे विचारल्यावर घरातल्या बाई म्हणाल्या, ‘पाऊस नाही, साहेब. वरून भुकटी पडते, भातात.’ बाहेर भिंतीवर इमारतीचा क्रमांक रंगविलेला होता. कार्यालयातली मालमत्ता-नोंदवही मी मागवून पाहिली. त्या क्रमांकापुढे लिहिले होते : छप्पर पक्के, स्थिती समाधानकारक.