गलांड्याचे बी

मे दिनाच्या सभेत गळ्यात पडलेला हार मी घरी नेतो आणि त्यातले एखादे फूल सोडवून पाहत बसतो. पिवळ्या टोकांच्या तांबड्या पाकळ्यांचे हे फूल आपल्या बाजारात गलांडा म्हणून किलोवर मिळते. पुस्तकांत त्याला गॅलार्डिया म्हणतात. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे कळले ते वाचनालयात बसून.

हे फूल मूळचे उत्तर अमेरिकेतले. टेक्सास, ओक्लाहोमा या भागांतील गवताळ माळांवर आणि पडीक शेतांत ते आपोआप उगवते. ओक्लाहोमाने १९८६ साली त्याला आपले राज्य-रानफूल ठरविले. त्याचे आयुष्य मात्र एका वर्षाचे. तिकडे शरदात बी रुजते, हिवाळाभर पानांचा झुबका जमिनीलगत बसून राहतो, वसंतात फुले येतात आणि बी धरून झाले की झाड मुळासकट वाळते. पुढच्या साली माळ पुन्हा रंगतो, तो केवळ जमिनीत पडलेल्या बियांच्या बळावर.

आता गंमत पाहा. ज्याला आपण एक फूल म्हणतो, तो वस्तुतः अनेक फुलांचा मेळावा असतो. कडेची प्रत्येक रंगीत पाकळी हे एक स्वतंत्र फूल. पण ते वांझ. बी धरते ते मधल्या गड्ड्यातल्या बारीक, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या फुलांना. कडेची झालर निरुपयोगी नव्हे. माशा-फुलपाखरांना ती बोलावून आणते. परंतु नुसत्या झालरीवर पुढचे साल येत नाही.

म्हणूनच टेक्सासच्या महामार्ग खात्याने १९३४ पर्यंत असा नियम केला होता, की रहदारीच्या सुरक्षिततेसाठी अगदी आवश्यक नसेल तर रानफुलांचा हंगाम सरेपर्यंत रस्त्याकडेचे गवत कापायचे नाही. बी पिकण्यापूर्वी विळा फिरला, तर तेवढे बी बुडाले.

हे मला उशिरा उमगले. एका कारखान्यात आम्ही संप जिंकला, मिरवणूक काढली, हार घेतले. खात्याखात्यांतून वर्गणी गोळा करणाऱ्या पोरांना मात्र कोणी कायदा शिकविला नाही, करारनामा वाचायला बसविले नाही. तीन वर्षांनी नव्या कराराची वेळ आली, तेव्हा बोलणी करू शकेल असा एकही माणूस आत उरला नव्हता. तो दोष माझा.

तेव्हापासून हारातले फूल हाती घेतले, की मी आधी त्याचा मधला गड्डा पाहतो.