लिनक्स टाकलेल्या लॅपटॉपला वायफाय दिसत नाही? कार्ड बदलण्याआधी मोबाईलची केबल जोडून बघा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी कंपनीने ज्या अटी घातल्या, त्यात २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बसत नाहीत. त्यामुळे चांगला चालणारा जुना लॅपटॉप भंगारात घालण्याऐवजी अनेक जण त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतात. हे फुकट आहे, हलके आहे आणि जुन्या मशीनवर विंडोजपेक्षा चपळ चालते. पोरांचा अभ्यास, महाडीबीटीचा अर्ज, सातबारा काढणे या कामांना ते पुरेसे आहे.

अडचण येते ती पहिल्याच दिवशी. लॅपटॉप चालू होतो, स्क्रीन झकास दिसते, पण कोपऱ्यातल्या नेटच्या चिन्हावर क्लिक केले तर वायफायचे नावच नाही. अर्जाची शेवटची तारीख तोंडावर असते. दुकानात नेले की दोनच सल्ले मिळतात: 'वायफाय कार्ड गेलंय, नवीन टाका' नाहीतर 'लिनक्स काढा, परत विंडोज मारा'. कार्ड खरेच जळाल्याचे प्रकार फार थोडे असतात. बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असते, फक्त त्याचा ड्रायव्हर नसतो.

ट्रॅक्टर चांगला आहे, रोटाव्हेटरही नवा आहे, पण मधला पीटीओ शाफ्ट नसेल तर रोटाव्हेटर फिरणार नाही. ड्रायव्हर म्हणजे तो शाफ्ट. इंटेल आणि अथेरॉस कंपनीच्या बहुतेक कार्डांचे शाफ्ट लिनक्सच्या आतच दिलेले असतात, ती कार्डे लगेच चालतात. ब्रॉडकॉमच्या कार्डांचे तसे नाही. या कंपनीने वर्षानुवर्षे आपला ड्रायव्हर खुला केला नाही. २०१० साली काही कार्डांसाठी खुला ड्रायव्हर दिला, पण डेल, एचपी, लेनोव्होच्या जुन्या लॅपटॉपमध्ये सापडणारी बीसीएम४३१२, बीसीएम४३१४२ अशी कार्डे त्यात आली नाहीत. त्यांचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, आणि तो मिळतो इंटरनेटवर.

म्हणजे नेट चालू करायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेट हवे. विहिरीवरचा पंप पाणी ओढत नसेल तर आधी त्यात चार बादल्या पाणी ओतावे लागते, तसाच हा प्रकार. ते चार बादल्या पाणी तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे.

आधी बटण तपासा

केबल जोडण्यापूर्वी एक साधी गोष्ट. अनेक लॅपटॉपवर वायफाय बंद-चालू करायचे बटण असते. काहींवर कडेला सरकवायची छोटी पट्टी, काहींवर एफएन बटणासोबत एफ२ किंवा एफ१२ सारखी की, जिच्यावर अँटेना किंवा विमानाचे चित्र असते. पुसताना, पिशवीत घालताना ते दाबले जाते. मग वायफाय बंद पडते आणि दोष लिनक्सला जातो.

हे पक्के कळायला टर्मिनल नावाचा काळा पडदा उघडा आणि इंग्रजीत लहान अक्षरांत आर-एफ-के-आय-एल-एल, मग एक जागा सोडून एल-आय-एस-टी असे टाईप करून एंटर दाबा. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे यस आले तर बाहेरचे बटण बंद आहे, ते हातानेच चालू करावे लागेल. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे यस असेल तर एअरप्लेन मोड बंद केला की भागते. दोन्हीकडे नो असेल, तर बटणाचा दोष नाही. यादीत वायरलेस लॅनची ओळच नसेल, तर ड्रायव्हर नाही असे समजा.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. तिच्यामुळे शटडाऊन केले तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, कार्ड अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्सला ते जागे करता येत नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन ही सोय काढून टाका.

केबलचे काम

मोबाईल लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' असते, त्यात 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. अर्ध्या मिनिटात लॅपटॉपवर 'वायर्ड कनेक्शन' आल्याचे दिसेल. याला वायफायच्या ड्रायव्हरची गरज लागत नाही, कारण लॅपटॉपला मोबाईल हा तारेने जोडलेला मोडेम वाटतो. 'यूएसबी टेदरिंग'चे बटण पुसट दिसत असेल, तर बहुतेक वेळा केबल फक्त चार्जिंगची असते. यात भलेभले फसतात. मोबाईलच्या डब्यात आलेली केबल वापरा, त्यातून डेटा जातो.

नेट आले की मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' आणि उबुंटूमध्ये 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा. ते स्वतःच कार्ड ओळखते आणि यादी दाखवते. ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिले आहे तो निवडा, पासवर्ड द्या, काम होईपर्यंत केबल हलवू नका. मग लॅपटॉप रीस्टार्ट करा. मोबाईलचा रोजचा डेटा मोजका असतो म्हणून एक सावधगिरी: ड्रायव्हर उतरत असताना सगळ्या सिस्टीमचे अपडेट सुरू करू नका. दिवसाचा डेटा तिकडेच संपेल आणि ड्रायव्हर अर्धा राहील.

मिंटवाल्यांनी ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकले, तो लगेच फॉरमॅट मारू नये. त्यात ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर असतो. नेट अजिबात नसेल तरी तो पेनड्राइव्ह लावून ड्रायव्हर मॅनेजरमधून काम होते.

निळा पडदा आला तर पळू नका

ड्रायव्हर टाकूनही वायफाय न येण्याचे एक कारण वेगळे आहे, आणि ते दुकानदारही पटकन सांगत नाहीत. २०१२-१३ नंतरच्या लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' नावाचा पहारेकरी असतो. सही-शिक्का नसलेला ड्रायव्हर तो आत घेत नाही. म्हणून असा ड्रायव्हर टाकताना लिनक्स तुम्हाला एक नवा पासवर्ड ठरवायला सांगते. बरेच जण काहीतरी टाईप करून मोकळे होतात आणि विसरतात.

रीस्टार्ट केल्यावर एक निळा पडदा येतो आणि कोणतेही बटण दाबा असे सांगतो. त्याला फक्त १० सेकंद असतात. काहीच दाबले नाही, तर लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो, ड्रायव्हर बाहेरच राहतो आणि वायफाय येत नाही. व्हायरस आला म्हणून घाबरून बटण दाबून मशीन बंद करणारेही आहेत. तसे करू नका. बटण दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, मग 'कंटिन्यू', मग 'यस', आणि मघाचा पासवर्ड टाका. शेवटी 'रीबूट'. पासवर्ड टाईप करताना पडद्यावर काहीच दिसणार नाही, ते बरोबर आहे. म्हणून ठरवतानाच तो साधा ठेवा आणि वहीत लिहून ठेवा.

ही संधी हुकली तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करता येते. पण विंडोजही ठेवले असेल आणि त्याला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर आधी त्याची रिकव्हरी की लिहून घ्या. नाहीतर विंडोज पुढच्या वेळी तीच मागत बसेल.

वायफाय आहे, पण आपलाच हॉटस्पॉट दिसत नाही

शेजाऱ्याचे वायफाय यादीत दिसते, आपल्या मोबाईलचे दिसत नाही, असेही होते. नवे मोबाईल हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सोडतात आणि जुन्या लॅपटॉपच्या कार्डाला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. मोबाईलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'बँड' २.४ करा. आयफोनवर त्याला 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' म्हणतात. नाव दिसते पण पासवर्ड बरोबर असूनही जोडत नसेल, तर सुरक्षेच्या जागी 'डब्ल्यूपीए३' ऐवजी 'डब्ल्यूपीए२' ठेवा. जुन्या ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरला डब्ल्यूपीए३ झेपत नाही.

घरी राउटर असेल तर चॅनेलही बघा. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, पण अमेरिकेच्या हिशेबाने ठरवलेल्या काही कार्डांना ११ च्या पुढचे दिसतच नाहीत. राउटर १३ वर गेला की लॅपटॉपपुरता तो गायब. राउटरमध्ये १, ६ किंवा ११ यापैकी एक चॅनेल कायमचा ठरवून टाका.

रेंज नुसती राउटरजवळच येते आणि ओसरीवर गेले की जाते, ही तक्रार रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीई कार्डाची असू शकते. काही एचपी लॅपटॉपमध्ये या कार्डाला अँटेनाची एकच तार जोडलेली असते आणि ड्रायव्हर दुसऱ्याच टोकावर ऐकत बसतो. ड्रायव्हरला कुठली अँटेना वापरायची ते सांगणारी एक ओळ लिहावी लागते. त्यात 'अँट अंडरस्कोर सेल' या नावापुढे १ किंवा २ टाकून बघतात. हे टर्मिनल जाणणाऱ्याकडून करून घ्या, खर्च शून्य आहे. नेट जोडलेले असून सारखे तुटत असेल, तर त्याला वायफायचा पॉवरसेव्ह बंद करायलाही सांगा. उबुंटूत तो आपोआप चालू असतो. नेटवर्क मॅनेजरच्या फाईलमधला आकडा ३ चा २ केला की बंद होतो.

एवढे करूनही जमले नाही, तर यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल घेता येतो. पण डब्यावर 'लिनक्स सपोर्ट' छापलेय म्हणून घेऊ नका. आतली चिप विचारा. अथेरॉस एआर९२७१ किंवा मीडियाटेक एमटी७६१०यू, एमटी७६१२यू यांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून आहेत. काही स्वस्त डोंगल लावले की सीडी असल्यासारखे दिसतात. त्यात फक्त विंडोजचा ड्रायव्हर असतो, तो इथे कामाचा नाही.

टर्मिनलची भीती वाटणाऱ्या पोरापोरींसाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. मोबाईलवर बघत बघत लॅपटॉपवर करता येतात.

जुना लॅपटॉप अजून घ्यायचा असेल तर मिंटचा पेनड्राइव्ह सोबत घेऊन दुकानात जा. त्यावरून लॅपटॉप सुरू केला की काहीही न पुसता, न टाकता लिनक्स चालवून बघता येते. तिथेच मोबाईलचा हॉटस्पॉट २.४ वर चालू करा आणि जोडून बघा. जोडला तर तो लॅपटॉप घरीही जोडेल. नाही जोडला तर कार्ड कोणत्या कंपनीचे ते विचारा. दुकानदाराला ठाऊक नसेल, तर टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय टाईप केले की 'नेटवर्क कंट्रोलर'च्या ओळीत कंपनीचे नाव येते. ब्रॉडकॉम असेल तर वर सांगितलेली खटपट आली, त्या हिशेबाने भाव करा.