विश्लेषण : तुमच्या औषधांची नोंद नेमकी कोणाकडे असते?

रुग्णालय, डॉक्टर, मेडिकल आणि आता ‘आभा’. नोंदी ठेवणारे अनेक असले, तरी पूर्ण हिशेब बहुतेकदा कोणाकडेच नसतो. तो नसल्यास काय बिघडू शकते, कायदा काय सांगतो आणि घरच्या घरी काय करता येते, याविषयी…

पुण्यातील अनेक घरांत हे चित्र ओळखीचे आहे. घरातील ज्येष्ठांचा मधुमेह एक डॉक्टर पाहतात, हृदय दुसरे, गुडघे तिसरे. चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे अहवाल एका प्लास्टिकच्या पिशवीत. मुले नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी. रात्री अचानक रुग्णालय गाठावे लागते आणि तेथील डॉक्टर विचारतात, ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ उत्तर येते, ‘एक पांढरी सकाळी, एक गुलाबी रात्री.’ उपचारांचा निर्णय या उत्तरावर घेता येत नाही.

नोंद नसेल तर काय बिघडते?

पहिला धोका एकच औषध दोनदा घेतले जाण्याचा. क्रोसिन आणि डोलो ही नावे वेगळी, पण दोन्हींतील औषध पॅरासिटामॉल हेच. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही ते असते. दोन डॉक्टरांनी दोन ब्रँड लिहून दिले आणि रुग्णाने दोन्ही घेतले, तर मात्रा वाढून यकृताला इजा होऊ शकते. दुसरा धोका औषधांचे एकमेकांशी न जमण्याचा. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी सुरू असताना गुडघेदुखीसाठी काही वेदनाशामके घेतली, तर रक्तस्रावाची भीती वाढते. तिसरा धोका वेळापत्रकाचा. आमवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेल्यास अस्थिमज्जेवर गंभीर परिणाम होतो आणि ते प्राणावर बेतू शकते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली. औषधविषयक चुकांचा जगभरातील वार्षिक खर्च सुमारे ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज तेव्हा मांडण्यात आला होता.

रुग्णालयाकडे नोंदी असतातच ना?

असतात, पण कायमच्या नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये नवी नियमावली आणली होती, मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती स्थगित झाली आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले.

याचा अर्थ दुहेरी आहे. नोंदी मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, रुग्णालयाची मेहरबानी नव्हे. पुणे महापालिका हद्दीतील खासगी रुग्णालयांची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते, त्यामुळे नकार मिळाल्यास लेखी तक्रार तेथे करता येते. मात्र दहा वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेची फाईल रुग्णालयात सापडेलच, याची हमी नाही. ती घरी जपली असेल, तरच हाती लागण्याची खात्री.

‘आभा’मुळे हा प्रश्न सुटतो का?

अंशतः. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. त्याअंतर्गत मिळणारे खाते म्हणजे ‘आभा’. त्याचा क्रमांक १४ अंकी असतो. या मिशनशी जोडलेल्या रुग्णालयाने किंवा प्रयोगशाळेने तयार केलेल्या नोंदी या खात्याशी जोडता येतात आणि मोबाइलवर पाहता येतात. नोंदी मूळ रुग्णालयाकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला त्या दाखवायच्या असतील, तर रुग्णाची संमती लागते.

येथे दोन गैरसमज आढळतात. ‘आभा’ म्हणजे मोफत उपचारांचे आयुष्मान कार्ड नव्हे. ते विमा योजनेचे कार्ड आहे आणि ‘आभा’ ही नोंदींची ओळख. दुसरे, क्रमांक काढला म्हणून जुनी फाईल आपोआप त्यात जात नाही. जुने कागद स्वतः स्कॅन करून ॲपमध्ये टाकावे लागतात. कोपऱ्यावरचा दवाखाना या व्यवस्थेशी जोडलेला नसेल, तर तेथील चिठ्ठीही त्यात दिसणार नाही.

यात पुण्याचा वाटा काय?

एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्या रुग्णालयाच्या संगणकाला समजण्यासाठी समान भाषा लागते. ‘बीपी’, ‘हायपरटेन्शन’ आणि ‘उच्च रक्तदाब’ एकच, हे माणसाला कळते. संगणकाला त्यासाठी एक संकेतांक द्यावा लागतो. केंद्र सरकारने अशा नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. त्यांचा वापर वाढवण्यासाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यातील ‘सी-डॅक’मध्ये आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या औषधांचे सामाईक संकेतांकही हेच केंद्र प्रसिद्ध करते. ब्रँड कोणताही असला, तरी आतील औषध कोणते, हे त्यातून संगणकाला ओळखता येते. मात्र रुग्णालयाच्या संगणक प्रणालीने हे संकेतांक वापरले, तरच त्याचा उपयोग.

तोपर्यंत घरची यादी कशी करावी?

एक कागद किंवा मोबाइलमधील एक नोंद पुरते. प्रत्येक औषधापुढे सहा गोष्टी लिहाव्यात : ब्रँडचे नाव, आतील मूळ औषध, मात्रा, घेण्याची वेळ, कशासाठी आणि कधीपासून. मात्रा लिहिताना एकक तपासावे. थायरॉईडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, तिच्यापुढे मिलिग्रॅम लिहिल्यास हजारपटीचा फरक पडतो. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या, इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब आणि इनहेलर यांचीही नोंद हवी. विचारले नाही, तर अनेक जण ती सांगत नाहीत.

यादीच्या खाली ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया, शरीरात स्टेंट किंवा पेसमेकर असल्यास त्याची माहिती आणि बंद केलेल्या औषधांची नावे कारणासह लिहावीत. ‘हे औषध सोसले नाही’ ही नोंद चालू औषधाच्या नोंदीइतकीच मोलाची असते. वर शेवटच्या बदलाची तारीख टाकावी. जुनी यादी फाडून टाकावी, अन्यथा गडबडीत तीच हाती येते.

मेडिकलमध्ये गोळ्या कापून दिल्या जातात तेव्हा नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असलेला भाग अनेकदा दुसऱ्या तुकड्यावर राहतो. म्हणून पूर्ण पट्टीचा फोटो काढून ठेवावा. औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास प्रथम डॉक्टरांना गाठावे. त्यानंतर राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर तो कळवता येतो. तेव्हा हीच माहिती उपयोगी पडते. ईसीजी आणि काही बिले उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात. ती काही वर्षांत पुसट होतात, म्हणून त्यांचेही फोटो लगेच काढावेत.

यादी ठेवायची कुठे?

एक प्रत रुग्णाच्या पाकिटात, एक फ्रिजवर आणि एक घरातील जबाबदार व्यक्तीच्या फोनमध्ये. बहुतेक स्मार्टफोनमध्ये कुलूपबंद पडद्यावरही दिसणारी आणीबाणीची वैद्यकीय माहिती भरण्याची सोय असते. त्यात ॲलर्जी, मुख्य आजार आणि एक संपर्क क्रमांक एवढे पुरे. सगळे अहवाल मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत आणि ‘आभा’चा ओटीपी कोणालाही सांगू नये.

यादी बदलण्याचा सर्वात महत्त्वाचा क्षण म्हणजे रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस. बिल, विमा आणि गाडीच्या धांदलीत जुनी औषधे सुरू ठेवायची की नवीन त्याऐवजी घ्यायची, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. जुनी यादी डिस्चार्ज कार्डशेजारी ठेवावी आणि प्रत्येक औषधापुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘बदल’ असे डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे. यादी पाहून स्वतःच एखादी गोळी बंद करणे मात्र टाळावे. यादीचे काम डॉक्टरांसमोर पूर्ण चित्र ठेवण्याचे आहे. निर्णय त्यांनी घ्यायचा आहे.