मातेच्या दुधाने दिलेली साक्ष

दूरचित्रवाणी संच, गाद्या, विजेची उपकरणे यांनी चटकन पेट घेऊ नये म्हणून त्यांच्या प्लास्टिकात व फोममध्ये ब्रोमीनयुक्त अग्निरोधक रसायने मिसळण्यात येतात. पैकी पीबीडीई ही धुळीवाटे व अन्नावाटे शरीरात शिरून चरबीत साठून राहतात.

स्टॉकहोमच्या मातृदुग्ध केंद्रात 1972 ते 1997 या काळात जमलेले दुधाचे नमुने स्वीडिश शास्त्रज्ञांनी तपासले. दुधातील स्निग्धांश वेगळा काढून, वायुवर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन या पद्धतींनी त्यातील रसायने मोजण्यात आली. पीसीबी व डीडीटी घटत असताना पीबीडीईचे प्रमाण मात्र दर ग्रॅम स्निग्धांशामागे 0.07 वरून 4.02 नॅनोग्रॅमवर गेलेले आढळले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! इतक्या सूक्ष्म मोजणीत प्रयोगशाळेतली धूळही दगा देते, कारण तीतही हीच रसायने असतात. यास्तव प्रत्येक वेळी दूध न घातलेला कोरा नमुनाही तपासावा लागतो.

यावरून मातांनी स्तनपान थांबवावे असे मात्र नव्हे. त्याचे लाभ मोठे आहेत. आवरावयाचे ते उत्पादन. यांपैकी काही रसायने 2009 साली स्टॉकहोम करारात समाविष्ट झाली व भारताने 2018 च्या नियमांन्वये त्यांवर बंदी घातली.