अ‍ॅडेनोसिन: काही सेकंदांचे औषध

पेशीतले मूळ

अ‍ॅडेनीन आणि रायबोज ही साखर जोडली गेली की अ‍ॅडेनोसिन तयार होते. त्यालाच तीन फॉस्फेट लागले की ते एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. हृदयाच्या स्नायूला ऑक्सिजन कमी पडला की एटीपी मोडते, अ‍ॅडेनोसिन पेशीबाहेर येते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावते. टंचाईच रक्त मागवून घेते! हृदयाची गती त्याने मंदावते, हे ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२९ मध्येच दाखवले होते. नेहमीच्या वापरातले औषध व्हायला त्यानंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला.

धडधड थांबवताना

एसव्हीटी या विकारात ठोके अचानक मिनिटाला दीडशे-दोनशेवर जातात. बहुतेकदा विद्युतलहर एव्ही नोडमधून, म्हणजे हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या विद्युत-दुव्यातून, गोल-गोल फिरत राहिलेली असते. अ‍ॅडेनोसिन नोडमधल्या ए-१ ग्राहींना चिकटते, पोटॅशियम पेशीबाहेर जाते, नोड क्षणभर गप्प होतो आणि ते चक्र तुटते.

मात्र रक्तातल्या लाल पेशी आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर हे औषध लगेच शोषून घेतात. त्याचे अर्धायुष्य दहा सेकंदांहून कमी. म्हणून कोपराजवळच्या मोठ्या शिरेत ६ मिलिग्रॅम झटक्यात देतात, पाठोपाठ २० मिलिलिटर सलाइन ढकलतात आणि हात वर उचलतात. हळू दिले तर वाया गेलेच समजा. गुण आला नाही तर एक-दोन मिनिटांनी १२ मिलिग्रॅम. ईसीजीवर काही सेकंद सरळ रेषा दिसू शकते. चेहरा तापतो, छाती आवळते, ‘आता संपलं’ असे वाटते. रुग्णाला हे आधी सांगायलाच हवे. नंतर सांगून काय उपयोग?

एट्रियल फ्लटर हा वरच्या कप्प्यांचा वेगवान ताल याने थांबत नाही, पण ठोके क्षणभर विरळ झाल्याने ईसीजीवर ओळखू येतो. डब्ल्यूपीडब्ल्यू (नोडला वळसा घालणारी जन्मजात जादा विद्युतवाट) आणि सोबत एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) असेल तर मात्र हे औषध धोक्याचे.

तपासणीत

व्यायाम न जमणाऱ्यांच्या स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे हृदयावर ताण आणून केलेल्या तपासणीत, हेच औषध शिरेतून सलग सोडतात, दर किलो वजनामागे मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम. निरोगी धमनीतला प्रवाह खूप वाढतो, अरुंद धमनीतला तितका नाही. हा फरक स्कॅनमध्ये उमटतो.

चहा, दमा आणि इतर औषधे

कॅफीन या औषधाच्याच ग्राहींवर ठाण मांडते, म्हणून स्ट्रेस टेस्टआधी किमान १२ तास, अनेक ठिकाणी २४ तास, चहा-कॉफी बंद. चॉकलेट आणि कोलाही त्यातच आले. थिओफिलिन हे दम्याचे औषधही परिणाम बोथट करते, तर डायपिरिडामोल हे औषध तो वाढवते. दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आवळू शकतात, त्यामुळे दमा असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे.