मिक्सर निवडताना केवळ चॅनेलची संख्या पाहणे पुरेसे नाही

जाहीर कार्यक्रम आणि घरगुती ध्वनिमुद्रण या दोन्हींसाठी कमी किमतीचा मिक्सर निवडताना खोक्यावरील चॅनेलच्या आकड्यावर विसंबून राहू नये. यामाहाच्या एमजी१०एक्सयू या मिक्सरमध्ये १० चॅनेल असले, तरी माईक केवळ ४ जोडता येतात. गायक, संवादिनी, तबला आणि डग्गा यांतच ते संपतात. कंडेन्सर माईकसाठी ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा, तर कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी मॉनिटरकडे जाणारे स्वतंत्र ऑक्स आउटपुट आवश्यक असते. यूएसबीद्वारे अनेक स्वस्त मिक्सर संगणकाकडे एकत्रित आवाजाचे दोनच ट्रॅक पाठवतात. परिणामी, मुद्रणानंतर केवळ तबल्याचा आवाज कमी करता येत नाही. तशी गरज असल्यास प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे मुद्रित करणारा मिक्सर घेणेच अंतिमतः किफायतशीर ठरते.