खारुनचा पूर आणि नदीतील मासेमारी

छत्तीसगडची राजधानी रायपूर ज्या खारुन नदीच्या आधाराने वाढली, ती नदी तशी लहानच. बालोद जिल्ह्यातील पेटेचुआ परिसरात उगम पावून ती उत्तरेकडे वाहते, काही अंतर रायपूर व दुर्ग जिल्ह्यांची सीमा बनते आणि सोमनाथजवळ शिवनाथ नदीला मिळते. शिवनाथ ही महानदीची उपनदी होय. चुनखडी व शेल खडकांच्या या मैदानाला उतार अल्प असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्यामुळे पावसाळ्यात नदीचे पाणी काठ ओलांडून सखल भागात पसरते, तर उन्हाळ्यात प्रवाह क्षीण होतो.

येथील माशांचे जीवनचक्र याच चढउतारावर बेतलेले आहे. थंड प्रदेशातील सॅल्मन अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढतो. रोहू, कटला व मृगळ समुद्रात जात नाहीत. परंतु त्यांनाही प्रवास चुकत नाही. पूर येताच ते काठालगतच्या उथळ, जलमय भागात शिरून अंडी सोडतात. साचलेल्या तळ्यात त्यांचे प्रजनन सहसा होत नाही. ही अडचण दूर केली ती डॉ. हिरालाल चौधुरी यांनी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात त्यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तळ्यांतील मत्स्यशेतीला बीज मिळाले. नदीतील मासा मात्र आजही पुरावरच अवलंबून आहे.

याच कारणास्तव राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नदीनाल्यांत मासेमारीस बंदी असते. नद्यांशी संबंध नसलेली लहान तळी तिच्यातून वगळलेली आहेत. बंदीचा भार अर्थातच केवट, धीवर अशा नदीवर जगणाऱ्या समाजांवर पडतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत या काळासाठी शासनाचे ३,००० व मच्छीमाराच्या बचतीचे १,५०० रुपये अशी तरतूद करण्यात आली. दोन महिन्यांच्या चुलीसाठी ही रक्कम तोकडीच म्हणावी लागेल.

पण नियम पाळूनही नदी आपली राहील, याची शाश्वती असते काय? १९९८ मध्ये, छत्तीसगड मध्य प्रदेशातच असताना, बोरई औद्योगिक केंद्राच्या पाणीपुरवठ्यासाठी शिवनाथचा २३.६ किलोमीटरचा पट्टा २२ वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीकडे देण्यात आला आणि काठावरील ग्रामस्थांच्या मासेमारीवर निर्बंध आले. विशेष म्हणजे, नद्यांसारखी संसाधने शासनाकडे जनतेचे विश्वस्त म्हणून असतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीसंबंधीच्या कमलनाथ खटल्यात १९९६ मध्येच मान्य केले होते. जनआंदोलनानंतर २००३ मध्ये करार रद्द करण्याची घोषणा झाली, तरी प्रकरण पुढेही रेंगाळले.

खारुनवरील प्रश्न निराळा आहे. रायपूरच्या पाणीपुरवठ्यासाठी तिच्यावर भाटागावसारखे बंधारे आहेत आणि उन्हाळ्यात गंगरेल धरणाचे पाणी कालव्याने येथे आणले जाते. शहराची तहान त्याने भागते. माशाला लागतो तो वाहता, काठाबाहेर पसरणारा प्रवाह, आणि बंधाऱ्याची भिंत ओलांडणे त्याला केवळ मोठ्या पुरातच शक्य होते.